कुणी हाक मारली का? : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

झोपेच्या उंबरठ्यावर, ध्यानात, जागरणात, उंच पहाडावर किंवा शोकाच्या दिवसांत ऐकू येणारे आवाज आणि 'जवळ कुणीतरी आहे' ही चाहूल, या विषयावर आलेल्या पत्रांतून निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकसारखी पत्रे एकत्र केली आहेत. बहुतेकांनी विचारले आहे, 'हे खरे की भास?' आम्ही मात्र आधी हे पाहिले की त्या वेळी माणूस कोणत्या अवस्थेत होता : किती झोप झाली होती, किती तास एकटा होता, कोणते औषध चालू होते. आवाजाच्या मजकुरापेक्षा या माहितीवरूनच जास्त उलगडा होतो.

प्रश्न : डोळा लागता लागता कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारतं. अगदी कानाशी. उठून पाहते तर घरातले सगळे गाढ झोपलेले. दोन-तीनदा तर डोक्यात काहीतरी फुटल्यासारखा मोठा आवाज झाला. वय चौतीस आहे. ही वेडाची सुरुवात तर नाही ना?

नाही. जागेपण आणि झोप यांच्या सांध्यावर असे भास निरोगी माणसांनाही सर्रास होतात. फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड मोरी यांनी 1848 मध्ये त्यांना 'हिप्नॅगॉजिक' हे नाव दिले. जाग येतानाच्या भासांना पुढे 'हिप्नोपॉम्पिक' म्हणू लागले. मेंदू सगळा एकदम झोपत नाही. कान-डोळ्यांकडून आलेली खबर पुढे पाठवणारा थॅलॅमस आधी मंदावतो, आणि त्या खबरीचा अर्थ लावणारा बाह्य थर, म्हणजे कॉर्टेक्स, त्यानंतरही काही मिनिटे जागाच राहतो. बाहेरून काही येत नाही, पण अर्थ लावणे चालूच असते. मग स्मृतीतले तुकडेच 'ऐकू' येतात. स्वतःचे नाव तर जन्मापासून कानावर पडलेले, म्हणून तेच वारंवार येते.

या भासांची ठेवण ठरलेली असते. एखादा शब्द, अर्धे वाक्य, बिनअर्थाची बडबड, दारावरची थाप, गाण्याचा तुकडा. संभाषण होत नाही, तुमच्या वागण्यावर शेरे मारले जात नाहीत, आणि पुरती जाग आली की सगळे थांबते. डोक्यात काहीतरी फुटल्याचा आवाज हा वेगळा प्रकार आहे. त्याला 'एक्स्प्लोडिंग हेड सिंड्रोम' म्हणतात. नाव भयंकर असले तरी त्यात दुखत नाही आणि अपायही होत नाही. दुखत असेल तर मात्र तो प्रकार निराळा, डॉक्टरांना दाखवा.

झोपेची थकबाकी, रात्रपाळी, संध्याकाळची डुलकी आणि ताण यांनी हे भास वाढतात. दोन आठवडे वही ठेवा : अंथरुणाला पाठ कधी टेकली, किती तास झोप झाली, काय ऐकले, झोप लागताना की जाग येताना. नेहमी होणारी चूक म्हणजे दचकून उठल्यावर मोबाइल उघडून कारणे शोधत बसणे. त्याने झोप आणखी तुटते. तुटलेल्या झोपेत असे सांधे जास्त, म्हणून भासही जास्त. दिवसा अनावर झोप येत असेल, किंवा खदखदून हसताना गुडघ्यांतली ताकद जात असेल, तर नार्कोलेप्सीची शंका घेऊन निद्रातज्ज्ञांकडे जा.

जाता जाता : ही अवस्था मुद्दाम वापरणारेही आहेत. आरामखुर्चीत बसून हातात एखादी वस्तू सैल धरायची, डुलकी लागली की हात ढिला पडतो, वस्तू खाली पडते आणि जाग येते. त्या क्षणी मनात जे असेल ते टिपायचे. 2021 मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या एका प्रयोगात झोपेच्या पहिल्या टप्प्यात किमान 15 सेकंद राहिलेल्यांपैकी 83 टक्के लोकांना गणिताच्या कोड्यातला छुपा नियम सापडला, तर जागे राहिलेल्यांपैकी सुमारे 30 टक्के लोकांना. त्याहून गाढ झोपलेल्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही.

प्रश्न : पहाटे जाग येते पण हातपाय हलत नाहीत. दाराशी कुणीतरी उभं असतं, मग ते छातीवर बसतं. श्वास अडकतो. घरात म्हणतात, बाहेरचं आहे. उपाय काय?

हा स्लीप पॅरालिसिस. स्वप्ने मुख्यतः ज्या टप्प्यात पडतात त्या 'रेम' झोपेत शरीराचे स्नायू मेंदूच्या हुकमाने सैल केलेले असतात, नाहीतर माणूस स्वप्नातली हाणामारी अंथरुणात करील. कधी कधी जाणीव आधी जागी होते आणि स्नायू मागे राहतात. डोळे उघडे, खोली खरी, पण स्वप्नाचे यंत्र अजून चालू. या काळात श्वास मुख्यतः श्वासपटलावर चालतो. छातीचे स्नायू सैल असल्याने मुद्दाम खोल श्वास घ्यायला गेले की तो घेता येत नाही, आणि मेंदू त्याचा अर्थ 'छातीवर ओझे' असा लावतो. श्वास बंद पडत नाही, हे त्या घडीला आठवले तरी निम्मी भीती कमी होते.

दाराशी उभा असलेला 'कुणीतरी' हाही याच जुळणीचा भाग. मेंदूतली धोका हेरणारी यंत्रणा रेममध्ये तापलेली असते. तिला धोका जाणवतो, पण धोका देणारा दिसत नाही, म्हणून ती तो उभा करते. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ चेन यांनी अशा अनुभवांचे तीन गट केले : घुसखोराची चाहूल, छातीवरचा दाब, आणि तरंगणे किंवा शरीराबाहेर पडल्यासारखे वाटणे. 2011 च्या एका मोठ्या आढाव्यानुसार साधारण 8 टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो, विद्यार्थ्यांत 28 टक्क्यांच्या आसपास. विद्यार्थ्यांची झोप आठवली की या फरकाचे नवल वाटत नाही.

त्या क्षणी उठून बसायचा प्रयत्न करू नका. मोठे स्नायूच सगळ्यात घट्ट बांधलेले असतात आणि धडपडीने घबराट वाढते. डोळे डावी-उजवीकडे फिरवा, कारण ते मोकळे असतात. मग पायाचा अंगठा किंवा हाताचे एक बोट, तेवढेच, हलवायचा प्रयत्न करा. श्वास घेण्याकडे नव्हे, सोडण्याकडे लक्ष द्या, लांब आणि सावकाश. काही सेकंद ते काही मिनिटे, एवढाच हा खेळ. सुटका झाल्यावर मात्र लगेच तसेच पडून राहू नका, तेच पुन्हा होते. उठा, दिवा लावा, पाच-दहा मिनिटे बसा आणि कुशीवर झोपा. उताणे झोपणाऱ्यांत हा प्रकार जास्त होतो. कुणी शेजारी झोपत असेल तर त्यांना सांगून ठेवा : कण्हल्यासारखा आवाज आला की खांद्याला हात लावायचा. स्पर्शाने बांध पटकन सुटतो. आठवड्यातून अनेकदा होत असेल तर डॉक्टर रेम झोप कमी करणारी औषधे देऊ शकतात, पण त्याआधी झोपायची-उठायची वेळ महिनाभर पक्की करून पाहा.

प्रश्न : मनात माझं बोलणं सतत चालू असतं. 'आतला आवाज' आणि 'आवाज ऐकू येणे' यांतली रेघ नेमकी कुठे आहे?

बोलायचे ठरवताना मेंदू तोंडाच्या स्नायूंना हुकूम सोडतो आणि त्याच हुकमाची एक नक्कल ऐकण्याच्या केंद्राकडे पाठवतो : 'आता जे येईल ते माझेच आहे.' मनातल्या बोलण्यातही हीच नक्कल जाते. ती पोचली नाही, उशिरा पोचली किंवा दुर्लक्षिली गेली, तर स्वतःचेच शब्द परक्याचे वाटतात. 1949 मध्ये गूल्ड नावाच्या डॉक्टरांनी आवाज ऐकणाऱ्या एका रुग्णाच्या अस्फुट पुटपुटण्याचा ध्वनी वाढवून ऐकला. 'आवाज' जे बोलतात असे रुग्ण सांगत होता, तेच शब्द त्या पुटपुटण्यात होते.

यातूनच एक साधा उपाय निघाला. आवाज चालू असताना तोंड मोठे उघडून धरायचे. 1987 मध्ये हे तपासले गेले, तेव्हा बहुतेक रुग्णांचे आवाज तेवढ्यापुरते थांबले. चारचौघांत जबडा उघडून बसणे अवघड, म्हणून गुणगुणणे, मोठ्याने वाचणे, समोरच्या वस्तूंची नावे घेणे हे पर्याय. बोलण्याची यंत्रणा दुसऱ्या कामाला लागली की आवाजाला जागा उरत नाही. मर्यादाही सांगायला हवी : करता तोवरच गुण येतो, आणि तो सगळ्यांना येत नाही.

रेघ म्हणाल तर ती एकाच ठिकाणी नाही. चार गोष्टी विचारा. शब्द माझे आहेत की दुसऱ्याचे? मी विषय बदलला तर ते बदलतात का? डोक्यात आहेत की खोलीत? मला काही करायला सांगतात का? पहिल्या दोन उत्तरांना तिसऱ्यापेक्षा जास्त वजन आहे. आवाज बाहेरून येतो की आतून, यावर लोक फार अडतात, पण गांभीर्य ठरवायला त्याचा उपयोग कमी. नुसता आवाज ऐकला म्हणून कुणी आजारी ठरत नाही. 1894 मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 17,000 लोकांना, पूर्ण जागे असताना कधी नसलेले काही पाहिले, ऐकले किंवा जाणवले का, असे विचारले होते. दहातल्या साधारण एकाने हो म्हटले.

प्रश्न : मग गांधीजींचा 'आतला आवाज' तो कोणता?

1933 च्या मे महिन्यात सुरू केलेल्या 21 दिवसांच्या उपवासाआधीचा अनुभव त्यांनी स्वतः लिहिला आहे : रात्रीची वेळ, मनात मोठी खळबळ, मग माणसाने बोलावे तसा स्पष्ट आवाज, आणि नंतर शांतता. रूप काही दिसले नाही, आणि आपण झोपेत नव्हतो, असेही ते सांगतात. तीव्र द्वंद्वाच्या शेवटी निर्णय आवाजाच्या रूपाने येणे, ही घडण अनेक संस्कृतींतल्या नोंदींत सापडते. त्याचा उगम कुठला, हे श्रद्धेचे क्षेत्र आहे. आमच्या कामाचे एवढेच की आवाज कसा आला यावरून सल्ला बरा की वाईट ते ठरत नाही. तो शेजाऱ्याने दिला असता तर जसा पारखला असता, तसाच पारखावा.

प्रश्न : गिर्यारोहणाच्या एका मोहिमेत सहा हजार मीटरच्या वर, दोन रात्री नीट झोप नसताना, दोरावर आपल्या मागे आणखी एक जण आहे अशी माझी खात्री झाली होती. भीती वाटली नाही, उलट धीर आला. हे काय होतं, आणि पुढच्या वेळी काय करावं?

अनुभव जुना आणि नामांकित आहे. मे 1916 मध्ये ध्रुवप्रवासी अर्नेस्ट शॅकल्टन, फ्रँक वर्स्ली आणि टॉम क्रीन यांनी दक्षिण जॉर्जिया बेट सुमारे 36 तासांत पायी ओलांडले. आपण तिघे नसून चौघे आहोत असे वाटत राहिल्याचे शॅकल्टन यांनी नंतर लिहिले. 1933 मध्ये एव्हरेस्टवर साडेआठ हजार मीटरच्या आसपास एकट्या पडलेल्या फ्रँक स्माइद यांनी खिशातली गोड वडी मोडून अर्धी शेजारच्या 'सोबत्या'ला देऊ केली होती. 1927 मध्ये साडेतेहतीस तास एकट्याने विमान चालवणाऱ्या चार्ल्स लिंडबर्ग यांनाही विमानात सोबत जाणवली. ते तर आदल्या रात्रीपासूनच झोपलेले नव्हते. इंग्रजीत याला 'थर्ड मॅन' म्हणतात.

प्रसंग वेगवेगळे, पण घटक तेच ते : तासन्‌तास एकाच लयीतली हालचाल, पांढरे किंवा काळे एकसुरी दृश्य, थंडी, उपासमार, अपुरी झोप, एकटेपणा, आणि उंचीवर त्यात प्राणवायूची कमतरता. सोबती बहुधा मागे किंवा एका बाजूला, ठरावीक अंतरावर असतो. तो दिसत नाही, पण त्याची जागा पक्की माहीत असते. तो तुमच्यासारखाच चालतो आणि तुम्ही थांबलात की थांबतो. खरी खूण इथेच आहे, कारण तो तुमच्याच शरीराचा मेंदूतला नकाशा असतो, थोडा बाजूला सरकलेला.

प्रयोगशाळेत हे दोनदा छान दिसले. 2006 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लांके यांच्या गटाने अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत एका तरुणीच्या मेंदूत डाव्या कानाच्या वर-मागे, टेम्पोरल आणि परायटल भागांच्या सांध्यावर, विजेचा सौम्य प्रवाह दिला. तिला लगेच पाठीमागे सावलीसारखा माणूस जाणवला. ती झोपलेली असली की तो झोपलेला, बसली की तो मिठी मारून बसलेला. तिला हातातले कार्ड वाचायला सांगितले, तर तो ते हिसकावून घेऊ पाहतो असे ती म्हणाली. 2014 मध्ये लोझानला याच गटाने निरोगी माणसांवर प्रयोग केला. डोळे बांधलेले, समोरच्या दांड्यावर बोट, आणि मागे एक यंत्रहात, जो बोटाच्या हालचालीबरहुकूम पाठीला स्पर्श करतो. हालचाल आणि स्पर्श एकाच वेळी झाले की आपणच आपल्या पाठीला हात लावतो आहोत असे वाटे. स्पर्श 500 मिलिसेकंद उशिरा केला की काहींना पाठीमागे दुसरे कुणीतरी आहे असे वाटू लागले. काहींनी प्रयोग थांबवायला सांगितले. अर्ध्या सेकंदाच्या उशिराने मेंदूने स्वतःच्या कृतीचा कर्ता बदलला.

पुढच्या वेळी सोबती आला तर त्याला हाकलू नका आणि त्याच्या भरवशावरही राहू नका. तो आला याचा अर्थ तुमच्या शरीरातला साठा तळाला गेला आहे. थांबा, साखर आणि पाणी घ्या, कान-नाक-बोटे तपासा, आणि दोरावरच्या खऱ्या साथीदाराला मोठ्याने सांगा. हेच सांगायचे राहते, लाज वाटते म्हणून. मग सरळ रेषेत टाच-अंगठा जुळवत दहा पावले टाका. झोक जात असेल, बोलणे अडखळत असेल, डोके फुटत असेल, तर उंचीमुळे मेंदूला सूज येत असल्याचे धरून चाला. त्यावर एकच इलाज, रात्र असली तरी लगेच खाली उतरणे. प्राणवायू आणि डेक्सामिथासोन (सूज कमी करणारे औषध) हे उतरायला वेळ मिळवून देतात, उतरण्याची जागा घेत नाहीत. सूज नसतानाही, विशेषतः सात हजार मीटरच्या वर, आवाज ऐकू येणे आणि विचार भरकटणे होऊ शकते. अशा माणसाला दोर सोडावासा वाटू शकतो, म्हणून त्याला एकटे सोडायचे नाही.

प्रश्न : हे अनुभव घरी, कुठलाही पदार्थ न घेता, सुरक्षितपणे घेता येतील का?

सौम्य रूपात येतात. पद्धतीचे नाव गान्झफेल्ड, म्हणजे सगळीकडे सारखेच दिसणारे दृश्य. वोल्फगांग मेट्झगर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1930 च्या सुमारास तिचा अभ्यास सुरू केला.

टेबल टेनिसचा पांढरा चेंडू शिवणीवर अर्धा कापा. कडांना कापूस आणि कागदी चिकटपट्टी लावा. हे दोन अर्धे डोळ्यांवर बसवा, डोळे आत उघडेच. समोर मीटर-दीड मीटरवर लाल रंगाचा मंद दिवा. हेडफोनवर पाऊस पडत असल्यासारखा सलग खरखराट, म्हणजे व्हाइट नॉइज, इतका हळू की शेजारी कुणी बोलले तर कळावे. पाठ कलती ठेवून बसा, आडवे होऊ नका. गजर 25 मिनिटांचा, आवाज मऊ. पहिली पाच-सात मिनिटे काहीच होत नाही. मग लाल रंग विरून राखाडी होतो, धुके हलू लागते, आणि काहींना दूरची कुजबूज, पाण्याचा किंवा गाण्याचा आवाज येतो. काहींना काहीच येत नाही, तेही ठीक.

बिघडते ते बहुधा कडांशी. नाकाच्या बाजूने फट राहिली की नजर तिथेच अडकते आणि सगळे फुकट जाते. दुसरे, खरखराटाची ध्वनिफीत छोटी असून पुनःपुन्हा वाजत असेल, तर जोड येतो तिथे लय तयार होते आणि तुम्ही तीच ऐकत बसता. किमान तासाभराची सलग ध्वनिफीत घ्या. तिसरे, झोप अपुरी असेल तर तुम्ही सरळ झोपता आणि स्वप्नाला प्रयोग समजता. अपेक्षेचा भाग तर मोठाच. 2001 मधल्या एका प्रयोगात 44 विद्यार्थ्यांना नुसता खरखराट ऐकवला आणि त्यात एक प्रसिद्ध नाताळगीत दडलेले असेल, असे सांगितले. गीत एकदाही वाजले नव्हते. 14 जणांना ते ऐकू आले.

अपस्मार, पूर्वी झालेला मनोविकाराचा झटका, बायपोलर आजार, किंवा जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनिया असेल तर या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : कान बंद करून नादानुसंधान करतो. समुद्राची गाज, मग घंटा, मग भुंग्याचा गुंजारव ऐकू येतो. यातलं शरीराचं किती?

सुरुवातीचे बरेचसे. बोटांनी कान दाबले की हाताच्या स्नायूंच्या आकुंचनाचा खर्जातला घरघराट कानात येतो. फोमचे बोळे घालून हात खाली ठेवले की तो बराच ओसरतो. करून पाहा, दोन मिनिटांचे काम आहे. बारीक शिट्टी, घंटा, किणकिण हे बहुतेक कर्णनादाच्या जातीचे असते, आणि ते जवळजवळ प्रत्येकाच्या कानात असतेच, फक्त बाहेरच्या आवाजात झाकलेले. 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी चांगले ऐकू येणाऱ्या 80 जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तर 94 टक्क्यांना काही ना काही ऐकू आले. हठयोगाच्या ग्रंथांत आधी समुद्र-मेघ-भेरी, मग शंख-घंटा, शेवटी किंकिणी-वेणू-भ्रमर असा जाडाकडून बारकाकडे जाणारा क्रम दिला आहे. लक्ष स्थिर होत गेले की सूक्ष्म आवाज कळू लागतात, याच्याशी तो जुळतो. साधनेचे मोल यातून कमी होत नाही. एकाच कानात, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड ऐकू येत असेल तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : दहा दिवसांच्या मौन शिबिरात सहाव्या दिवशी एक स्त्री शांतपणे बोलताना ऐकू आली. 'झोपू नकोस' असं सांगत होती. मी दोन रात्री जागले. पुन्हा बसायला भीती वाटते.

आवाज आला, इथपर्यंत विशेष काही नाही. दिवसाचे आठ-दहा तास डोळे मिटून, न बोलता बसले की बाहेरची खबर आटते आणि आतली ठळक होते. चुकले ते पुढे. आज्ञा पाळली गेली, आणि आज्ञा नेमकी झोपेविरुद्ध होती. अपुऱ्या झोपेने आवाज वाढतात आणि आवाजाने झोप जाते, हे चक्र दोन-तीन दिवसांत चांगल्या माणसाला रुग्णालयात पोचवू शकते.

पुढच्या वेळी, शिबिर असो वा घर, आवाज आला की क्रम असा ठेवा. डोळे उघडा. उठून पंधरा मिनिटे चाला, तळपायांकडे लक्ष देऊन. पोटभर खा. त्या दिवशीची बैठक निम्मी करा, किंवा बंदच. मौन मोडून शिक्षकांना सांगा. 'ही प्रगती आहे, चालू ठेवा' एवढेच उत्तर मिळाले तर शिबिर सोडा. चांगले शिक्षक आधी झोप विचारतात. रात्री सात तास झोप झालीच पाहिजे. श्वास रोखण्याचे आणि वेगाने श्वास घेण्याचे प्रकार पूर्ण थांबवा, त्यांनी हे आणखी चेतवले जाते.

घरच्यांनी ओळखायची एक खूण : तीन-चार तास झोपूनही उत्साह उतू जातो, बोलणे भरभर होते, आपल्यावर खास कामगिरी सोपवली आहे असे वाटते. ही साधनेची पुढची पायरी नसून मॅनियाची पहिली असू शकते. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना गाठा. तुमच्या बाबतीत महिनाभर बैठक नको, मग रोज दहा मिनिटांपासून, डोळे अर्धे उघडे ठेवून सुरुवात करा.

प्रश्न : पती जाऊन सात महिने झाले. संध्याकाळी त्यांच्या पावलांचा आवाज येतो, खुर्चीत ते आहेत असं वाटतं. मुलांना सांगितलं नाही. औषध घ्यावं का?

नको. 1971 मध्ये वेल्समधल्या ड्यूई रीस या डॉक्टरांनी जोडीदार गमावलेल्या 293 जणांना भेटून विचारले. जवळजवळ निम्म्यांना असे अनुभव आले होते, सगळ्यात जास्त नुसत्या सोबतीचे. बहुतेकांनी ते कुणालाही सांगितले नव्हते, आणि अनेकांना त्यांचा आधारच वाटत होता. वर्षानुवर्षांच्या सहवासाने त्या वेळी, त्या आवाजाची वाट पाहायची सवय मेंदूला लागलेली असते. माणूस गेले तरी ती लगेच जात नाही. बोलावेसे वाटले तर बोला. मुलांनाही सांगा, त्यांनाही काही जाणवत असण्याची शक्यता आहे. अन्न जात नसेल, 'माझ्याकडे ये' असे ऐकू येत असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल तर मात्र थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : आईचं वय एक्याऐंशी. ऐकायला कमी येतं. तिला रात्रंदिवस जुनी गाणी ऐकू येतात. हल्ली मात्र ती अचानक गोंधळली, घरात माणसं आली आहेत म्हणते.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाणी ही बहिरेपणाची देणगी : कानाकडून खबर येईनाशी झाली की मेंदू साठ्यातले वाजवत बसतो. श्रवणयंत्र बसवले आणि घरात मंद रेडिओ चालू ठेवला की बहुधा कमी होते. अचानक आलेला गोंधळ मात्र तातडीचा आहे. वृद्धांत मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातले पाणी किंवा सोडियम कमी होणे, नवे औषध, बद्धकोष्ठता अशा साध्या कारणांनी तासा-दिवसांत भ्रम होतो आणि कारण दूर केले की तो जातो. आजच दाखवा, औषधांचा सगळा डबा बरोबर न्या. हळूहळू, महिन्यांच्या हिशेबात, बाजूने कुणी सरकून गेल्याचे किंवा मागे कुणी असल्याचे वाटू लागले आणि हालचाल मंदावली, तर पार्किन्सन किंवा लेवी बॉडी आजारासाठी (हा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) मेंदूविकारतज्ज्ञ. तिथे एक सावधगिरी : भास थांबवायची नेहमीची काही औषधे या आजारांत फार बाधतात, म्हणून आधी निदान, मग गोळी.

प्रश्न : डीएमटी (तीव्र भास घडवणारं रसायन) घेणाऱ्यांना 'दुसऱ्या जगातले जीव' भेटतात. इतक्या जणांना तेच भेटतात, म्हणजे ते असतीलच ना?

1990 ते 1995 दरम्यान अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात रिक स्ट्रासमन यांनी सुमारे 60 स्वयंसेवकांना शिरेतून डीएमटी दिले. अनेकांनी जीव भेटल्याचे सांगितले. सारख्या मेंदूवर सारखे रसायन पडले की सारखे भास व्हावेत, यात आश्चर्य नाही. स्लीप पॅरालिसिसमधला छातीवर बसणाराही जगभर सारखाच असतो. त्या प्रयोगांत डॉक्टर शेजारी होते आणि रक्तदाब मोजला जात होता. बाहेर तसे काही नसते. डीएमटीचा काढा नैराश्याच्या काही औषधांबरोबर जीवघेणा ठरू शकतो. पदार्थांचा विषय निघालाच आहे म्हणून दारूबद्दलही : रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम सोडल्यावर 12 ते 24 तासांत आवाज येऊ लागले, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंप, ताप, भ्रम आणि झटके येण्याचा धोका असतो. अशा माणसाला घरी सांभाळत बसू नका, रुग्णालयात न्या.

प्रश्न : मुलगा एकोणीस वर्षांचा. खोलीत एकटाच पुटपुटतो, दोन माणसं आपल्याबद्दल बोलतात म्हणतो. कॉलेज सुटलं. डॉक्टरांकडे जायचं ठरवलंय. त्याच्याशी कसं वागावं, डॉक्टरांना काय सांगावं?

वरच्या सगळ्या पत्रांपेक्षा या पत्राची घाई जास्त आहे. भर दिवसा, पूर्ण जागेपणी, एकाहून अधिक आवाज त्याच्याबद्दल आपसांत बोलतात आणि त्याचे शिक्षण थांबले आहे. ही वेळ आठवड्यांत मोजायची, महिन्यांत नाही. उपचार जितके लवकर सुरू होतात तितका पुढचा मार्ग बरा असतो.

त्याच्याशी 'असं काही नाहीये' हा वाद घालू नका, आणि 'हो, मलाही ऐकू येतंय' असेही म्हणू नका. 'मला ऐकू येत नाही, पण तुला येतंय आणि त्रास होतोय हे कळतंय' हे वाक्य चालते. मग थेट विचारा : ते काय सांगतात? स्वतःला किंवा कुणाला इजा करायला सांगतात का? विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटे न ठेवता आजच रुग्णालयात न्या, आणि घरातली औषधे, कीटकनाशके, धारदार वस्तू कुलपात ठेवा.

डॉक्टरांसाठी एका पानावर लिहा : पहिला बदल कधी दिसला, झोप किती आणि केव्हा, गांजा किंवा इतर काही घेतो का (हे त्याला ओरडा न खाता सांगता आले पाहिजे), तापाची, फिटची किंवा डोक्याला मार लागल्याची हकिकत, नात्यात कुणाला असे होते का, सध्याची औषधे. डॉक्टर बहुधा थायरॉइड, बी-12 आणि इतर रक्ततपासण्या सांगतील, गरज पडल्यास ईईजी किंवा स्कॅन. औषध सुरू झाल्यावर आवाज पुरते जायला काही आठवडे लागतात. बऱ्याचदा आधी ते हळू होतात, मग दूर जातात. गुण आला म्हणून गोळ्या मनाने बंद करणे हे आजार उलटण्याचे नेहमीचे कारण आहे. झोप जास्त येणे, हातपाय आखडणे, वजन वाढणे, असे काही दिसले तर गोळी बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. मात्रा आणि औषध दोन्ही बदलता येतात.